गाडी किती सालची? इंजिनलाच विचारा!

नंबरप्लेट चकचकीत, पॉलिश भन्नाट, सीट कव्हर नवं कोरं... पण बॉनेटखालचं इंजिन नक्की कोणत्या सालचं? नांदेड-लातूरच्या सेकंडहॅण्ड बाजारात फिरून घेतलेला हा क्रॅश कोर्स, खास पहिली गाडी घेणाऱ्यांसाठी.

‘२०१८ मॉडेल, फर्स्ट ओनर, डॉक्टर यूज्ड, नो वर्क.’ सेकंडहॅण्ड गाडीच्या जाहिराती वाचल्या की वाटतं, महाराष्ट्रातल्या तमाम डॉक्टरांनी गाड्या घ्यायच्या फक्त विकण्यासाठीच. नांदेड असो की लातूर, गाडी दाखवणारा माणूस पहिल्या दोन मिनिटांत तीन गोष्टी सांगणार म्हणजे सांगणार. गाडी डॉक्टरांची किंवा प्राध्यापकांची होती, फक्त रविवारी बाहेर निघायची आणि कालच एकजण घ्यायला येऊन गेला. चौथी गोष्ट तुम्ही विचारायची असते: मॉडेल कोणतं? म्हणजे साल कोणतं?

गंमत अशी की या साध्या प्रश्नाची उत्तरं एक नाही, चार असतात.

पहिलं साल गाडी फॅक्टरीतून बाहेर पडली त्याचं. दुसरं आरटीओत नोंदणी झाली त्याचं. तिसरं ‘मॉडेल’चं, म्हणजे कंपनीनं नवे दिवे, नवं बंपर लावून ज्या वर्षी गाडीला नवा चेहरा दिला ते. आणि चौथं, ज्याची चौकशी सहसा कुणी करत नाही, ते इंजिनचं. डिसेंबरात तयार झालेली गाडी जानेवारीत डिस्काऊंटवर खपते. आरसीवर नोंदणी नव्या वर्षाची, पण जन्म जुन्या वर्षाचा. विकणारा नोंदणीचं साल सांगतो, घेणाऱ्यानं जन्माचं विचारायचं असतं.

एका वर्षानं असा काय फरक पडतो, असं वाटत असेल तर विम्याचा तक्ता बघा. गाडीची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनी गाडीची जी किंमत धरते ती, वयाप्रमाणे उतरते. एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के घसारा, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५० टक्के. पाच वर्षांनंतर किंमत तुम्ही आणि कंपनीनं मिळून ठरवायची. बँकही कर्ज देताना गाडीचं वय मोजते. आणि प्रश्न फक्त पैशांचा नाही. सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस एप्रिल २०१९ पासून बंधनकारक झालं. ड्रायव्हरची एअरबॅग, रिव्हर्स सेन्सर आणि वेगाचा इशारा १ जुलै २०१९ पासून. म्हणजे ‘२०१९ ची आहे’ एवढंच ऐकून पुरत नाही, कोणत्या महिन्याची तेही कळायला हवं.

काकांची गाडी, भावाचा ईएमआय

या विषयात मी शिरले ती मावसभावामुळे. तो पुण्यात आयटीत, मावशी आणि काका लातूरला. काकांची बायपास झालेली, तपासणीला सोलापूरला जावं लागतं आणि एसटीतले धक्के आता सोसत नाहीत. दोन लाख काकांच्या रिटायरमेंटच्या पैशातले, वर चार लाखांचं कर्ज भावाचं. बजेट फिक्स. नांदेडला एका डीलरकडे पांढरी डिझेल एसयूव्ही पसंत पडली. ‘२०१८ मॉडेल.’ काकांनी दसऱ्याचा मुहूर्तही धरला. भाऊ म्हणाला, “टोकन द्यायच्या आधी तू एकदा चल ना सोबत. तू चार प्रश्न जास्त विचारतेस.”

सोबत एक मिस्त्री घेतला. नांदेडचेच, तीस वर्षं इंजिनं उघडणारे चाचा. मी मोबाईलवर गाडीचे फोटो काढत होते, तेवढ्या वेळात चाचांनी बॉनेट उघडलं, खिशातून फडकं काढलं आणि थिनर मागितलं. डीलर म्हणाला, “चाचा, इंजिन चालू करून ऐका ना, एकदम मख्खन आहे.” चाचा म्हणाले, “आवाज बाद में. पहले नंबर.”

त्या अर्ध्या तासात जे शिकायला मिळालं ते पुढे आरसी, कायदा आणि कंपन्यांची माहिती यांच्याशी पडताळून घेतलं. फंडा तसा सोपा आहे.

सतरा अक्षरांची कुंडली

प्रत्येक गाडीच्या चेसिसवर सतरा अक्षरं-आकड्यांचा नंबर ठोकलेला असतो. त्यालाच व्हीआयएन म्हणतात. कुठे ते गाडीप्रमाणे बदलतं: बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर, पुढच्या सीटखाली, नाहीतर चेसिसच्या दांडीवर. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची. ‘एमए३’ दिसलं तर मारुती सुझुकी, ‘एमएटी’ म्हणजे टाटा, ‘एमएएल’ म्हणजे ह्युंदाई, ‘एमए१’ म्हणजे महिंद्रा.

आपल्याला हवं ते अक्षर दहावं. बहुतेक कंपन्या तिथे वर्ष लिहितात. २०१० म्हणजे ए, २०११ बी, २०१२ सी, असं करत २०१७ ला एच. पुढे आय नाही, कारण आय, ओ आणि क्यू ही अक्षरं एक आणि शून्यासारखी दिसतात म्हणून व्हीआयएनमधून कायमची बाद. त्यामुळे २०१८ ला जे, २०१९ के, २०२० एल, २०२१ एम, २०२२ एन. नंतर ओ गाळून २०२३ ला पी, क्यू गाळून २०२४ ला आर, २०२५ ला एस. २००१ ते २००९ साठी अक्षरांऐवजी १ ते ९ हे आकडे होते. हे चक्र तीस वर्षांनी फिरून येतं, पण १९८० ची आणि २०१० ची गाडी ओळखायला कोडची गरज पडू नये!

महिन्यासाठीही अनेक कंपन्या एक अक्षर ठेवतात. त्याची जागा आणि अर्थ मात्र ज्याचा त्याचा. आणि एक सावधगिरी: काही जुन्या गाड्यांत दहाव्या जागी नुसतं शून्य असतं. शून्य हा कुठल्याच वर्षाचा कोड नाही. अशा वेळी अंदाज न बांधता आरसीवरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष बघायचं, नाहीतर अधिकृत सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर देऊन विचारायचं.

आमच्या ‘२०१८ मॉडेल’च्या दहाव्या जागी होता एच. आरसीवर उत्पादन नोव्हेंबर २०१७, नोंदणी जानेवारी २०१८. डीलर खोटं बोलत नव्हता, पूर्ण खरंही बोलत नव्हता.

इंजिनची जात आणि वय

आता खरा पॉइंट. दहावं अक्षर चेसिसचं वय सांगतं, इंजिनचं नाही. इंजिनचा नंबर वेगळा. तो ब्लॉकवरच एका सपाट जागी कोरलेला असतो, बऱ्याचदा गिअरबॉक्स जिथे जोडला जातो त्याच्या आसपास. त्यासाठी सगळ्या कंपन्यांना लागू असा एकच साचा नाही. साधारणपणे आधी इंजिनच्या जातीचा कोड आणि पुढे अनुक्रमांक. ह्युंदाई इथे जरा मदत करते. पहिली चार अक्षरं इंजिनची जात आणि पाचवं वर्षाचं, पुन्हा त्याच ए-बी-सीच्या हिशेबानं.

इतरांच्या बाबतीत जातीवरून किमान वय काढता येतं. मारुतीचं ‘के१०बी’ इंजिन २००८ मध्ये ए-स्टारमधून आलं, ‘के१२एम’ २००९ मध्ये रिट्झमधून. स्विफ्टला ते मिळालं २०१० मध्ये. तेव्हा २००८ ची म्हणून दाखवलेली स्विफ्ट ‘के१२एम’ इंजिन बाळगून असेल तर एकतर साल चुकलंय किंवा इंजिन बदललंय. ‘डी१३ए’ हे १२४८ सीसीचं डिझेल स्विफ्टमध्ये २००७ ला आलं आणि एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू होताना मारुतीनं डिझेलचा नादच सोडला. मूळचं हे फियाटचं मल्टिजेट. आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातही ते बनायचं आणि वेगवेगळ्या नावांनी टाटाच्या इंडिका व्हिस्टात आणि फियाटच्या लिनियातही बसायचं. एकच इंजिन इतक्या गाड्यांत गेलं की भंगारातून त्याची अदलाबदल करणंही सोपं. म्हणून डिझेल घेणाऱ्यांनी नंबर जरा जास्तच नीट वाचावा.

दुसरा धागा प्रदूषणाच्या नियमांचा. २०१० मध्ये बीएस-४ आधी फक्त १३ शहरांत आलं. त्यात मुंबई, पुणे होती आणि चक्क सोलापूरही. उरलेल्या देशात ते टप्प्याटप्प्यानं पसरलं आणि सगळीकडे सक्तीचं झालं १ एप्रिल २०१७ ला. त्याच्या तीन दिवस आधी, २९ मार्च २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्यांची विक्री आणि नोंदणी बंद केली. मग शेवटच्या दोन दिवसांत शोरूमबाहेर सवलतींचा महापूर आला. त्यामुळे मार्च २०१७ च्या शेवटी नोंदलेली गाडी दिसली की आरसीवरचा ‘बीएस’ रकाना नक्की वाचा. तीच कथा मार्च २०२० ची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. जिचं उत्पादन २०२० च्या मध्याचं सांगितलं जातंय आणि नियम बीएस-४ चा दिसतोय, तिथे काहीतरी घोळ आहे.

नंबरप्लेटवर जाऊ नका

आपल्याकडचा लाडका गैरसमज म्हणजे नंबरच्या सिरीजवरून साल ओळखणं. ‘एमएच-२६ ची अलीकडची सिरीज आहे, म्हणजे गाडी नवी.’ कशावरून? दुसऱ्या राज्यातली गाडी इथे कायमची आली की तिची पुन्हा नोंदणी होते आणि तिला इथला ताजा नंबर मिळतो. नांदेडला एका बाजूनं तेलंगण, लातूर-उदगीरला कर्नाटक. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या माणसाला निजामाबाद जवळ, उदगीरकराला बिदर. गाड्या इकडून तिकडे जातात यात नवल नाही. म्हणून एमएच-२६ नांदेड, एमएच-२४ लातूर, एमएच-५५ उदगीर हे फक्त सध्याचा पत्ता सांगतात, जन्मतारीख नाही.

उलट शेजारच्या प्लेट्स साल सांगून जातात. तेलंगणाच्या बाजूची गाडी ‘एपी’ असेल तर ती जून २०१४ च्या आधीची, ‘टीएस’ असेल तर २०१४ ते मार्च २०२४ मधली आणि ‘टीजी’ असेल तर त्यानंतरची. २०२१ पासून मिळणाऱ्या बीएच सिरीजमध्ये तर पहिले दोन आकडेच नोंदणीच्या वर्षाचे.

दिल्लीकडून आलेल्या डिझेल गाड्यांचं प्रकरण वेगळंच. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये दिल्ली परिसरात बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ती उचलून धरली. तेव्हापासून तिथल्या कितीतरी गाड्या एनओसी घेऊन बाकीच्या राज्यांत गेल्या. गाडी वाईटच असेल असं नाही. पण नवी कोरी एमएच प्लेट बघून तिला तरुण समजू नका. आरसीवर पहिल्या नोंदणीची तारीख असते, ती वाचा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी कारला एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली. वीस वर्षांपुढच्या गाडीला ऑगस्ट २०२५ मध्ये ती १०,००० केली गेली. साल लपवलं की हा भुर्दंड कुणाच्या खिशाला, सांगायला नको.

गाडीतले बाकीचे साक्षीदार

नंबर वाचता येत नसेल किंवा शंका असेल तर गाडीचे सुटे भाग गपगुमान साक्ष देतात.

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. तळाशी शिवलेल्या पट्टीवर बऱ्याचदा उत्पादनाची तारीख असते. सगळ्या काचांच्या कोपऱ्यातले शिक्के बघा. त्यात साधारणपणे वर्षाचा आकडा आणि महिन्यासाठी ठिपके असतात. पाच काचा एका वर्षाच्या आणि एकच वेगळी असेल तर ती का बदलली ते विचारा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. बॉनेटखालच्या प्लॅस्टिकच्या झाकणांवर घड्याळासारखं छोटं वर्तुळ दिसतं. मधे वर्ष, भोवती महिने आणि एक बाण. आणि इंजिनच्या ब्लॉकवर ओतकामाच्या वेळी उठलेली तारीख असू शकते. ती नंतर कोरलेली नसते, लोखंडातच उमटलेली असते, म्हणून पुसणं अवघड.

आमच्या पांढऱ्या गाडीच्या काचा १७ च्या, बेल्ट १७ चे, झाकणं १७ ची. सगळे साक्षीदार एका सुरात. चाचांनी ब्लॉकवर थिनरचं फडकं फिरवलं, टॉर्च मारला आणि मला म्हणाले, “बेटी, पढ.” ओतकामाची तारीख २०१५ ची. मग इंजिन नंबरवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली. आरटीओच्या कामात एजंट घेतात ना पेन्सिल प्रिंट, तशीच. कागदावर उमटलेला नंबर आणि आरसीवरचा नंबर जुळत नव्हता.

२०१७ च्या चेसिसमध्ये २०१५ चा ब्लॉक, वर नंबरही वेगळा. म्हणजे इंजिन दुसऱ्या गाडीचं.

इंजिन बदलणं गुन्हा नाही, लपवणं...

डीलरचा सूर बदलला. “साहेब, आधीच्या मालकाचं इंजिन सीज झालं होतं. चांगलं बघून टाकलंय. आरसीवर नंतर चढवून देऊ.” आता हे शक्य आहे. तापून बसलेलं इंजिन दुरुस्त करण्यापेक्षा जुनं चालू इंजिन टाकणं स्वस्त पडतं आणि ते बेकायदाही नाही. फक्त आरटीओची मंजुरी घेऊन आरसीवर नव्या इंजिनचा नंबर चढवावा लागतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. त्यासाठी इंजिन कुठून आणलं त्याचं बिल लागणार. आणि बिल नसेल तर प्रश्न उरतो की ते आलं कुठून? चोरीच्या गाडीतलं निघालं तर?

नोंद न करता गाडी घेतली की पुढचं सगळं तुमच्या गळ्यात. नावावर करताना नंबर जुळत नाही. विम्याच्या पॉलिसीवर एक इंजिन आणि गाडीत दुसरं, म्हणजे अपघातानंतर क्लेम अडकायला निमित्त तयार. उद्या नाक्यावर तपासणी झाली तर उत्तर द्यायला डीलर येणार नाही.

भावानं बरोब्बर एकच अट घातली: “आधी आरसीवर इंजिन चढवा, मग मी टोकन देतो.” डीलर म्हणाला, इतका वेळ गाडी थांबत नाही. आम्ही निघालो. लोहा, अहमदपूर मागे पडेपर्यंत भाऊ गप्प होता. घरी काका चिडले. “दसऱ्याला दारात गाडी यायची होती. तुम्ही पोरं नंबर वाचत बसलात.” त्यांचंही चुकलं नव्हतं. मुहूर्त त्यांचा, पैसे त्यांचे, सोलापूरच्या फेऱ्याही त्यांच्याच.

दोन महिन्यांनी अहमदपूरला एका निवृत्त शिक्षकांची पेट्रोल हॅचबॅक मिळाली. २०१६ ची, म्हणजे आधीच्या गाडीपेक्षा जुनी, पण दहावं अक्षर जी, नोंदणीही २०१६ चीच, इंजिन नंबर अक्षर न् अक्षर जुळणारा. सर्व्हिसची बिलं एका फाइलमध्ये तारखेनुसार लावलेली. साडेतीन लाखांत काम झालं, कर्ज निम्म्याहून कमी झालं. काका आता शेजाऱ्यांना स्वतःच सांगतात, “आधी दहावं अक्षर बघा.”

पाण्यातून आलेल्या गाड्या

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट तपासायलाच हवी. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात आणि सप्टेंबरमध्ये मराठवाड्यातल्या अनेक जिल्ह्यांत पुरानं हाहाकार केला. घरांसोबत गाड्याही बुडाल्या. पाण्यात गेलेलं इंजिन बदलून, गाडी धुऊन-पुसून विक्रीला उभी करता येते. इंजिनचं साल चेसिसपेक्षा वेगळं निघालं तर पुराची शंका घ्या. सीटच्या रुळांवरचा गंज, बेल्टच्या तळाशी चिखलाची रेघ, कार्पेटखालचा वास आणि दिव्याच्या आतलं बाष्प बघा. विम्याच्या क्लेमचा इतिहासही मागा.

टोकन द्यायच्या आधी: सात गोष्टी

१. आरसी आधी मागा. उत्पादनाचा महिना-वर्ष, पहिली नोंदणी आणि बीएस रकाना एकत्र वाचा.

२. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून नोंदणीची तारीख, विमा आणि कर्जाचा बोजा तपासा. चेसिस-इंजिन नंबर तिथे पूर्ण दिसत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष बघणं आलंच.

३. चेसिस नंबरचं दहावं अक्षर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. अक्षरांभोवती ग्राइंडरच्या खुणा, वेगळा रंग किंवा वाकडीतिकडी ओळ असेल तर थेट निघा.

४. इंजिन नंबरची पेन्सिल प्रिंट घ्या आणि आरसीशी अक्षरागणिक जुळवा.

५. काचा, बेल्ट, प्लॅस्टिक, ब्लॉक यांची सालं एका कागदावर मांडा. एखादा भाग वेगळा असणं ठीक, गटच वेगळा असेल तर कारण विचारा.

६. गाडी चोरीची नाही ना, हे नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोच्या ऑनलाइन सेवेवर तपासा.

७. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करताना कोऱ्या जागा सोडू नका. कर्ज फिटलेलं असेल तर फॉर्म ३५ आणि गाडी परराज्यातली असेल तर एनओसी हातात घ्या.

या सगळ्याला लागतो अर्धा तास, एक फडकं, थोडं थिनर आणि शिसपेन्सिल. मिस्त्रीला पाचशे रुपये द्यायला मागेपुढे पाहू नका. आपण मोबाईल घेताना तीन वेबसाइट्स पालथ्या घालतो, बॅटरी किती एमएएच ते तोंडपाठ असतं. पाच वर्षं ईएमआय भरायचा असेल तर गाडीची सतरा अक्षरं वाचायला काय हरकत आहे? आणि हो, डॉक्टरांची गाडी असेल तर डॉक्टरांचं नाव आरसीवर आहे का, तेही एकदा बघून घ्या!